लेखातला नवरा

"माझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही!" असं म्हणत समीक्षक ऐटीत सोफ्यावर बसले, ते नेमके आईच्या चष्म्यावर.

पण त्या संध्याकाळी चष्मा काय, घराच्या सगळ्या काचा फुटल्या असत्या तरी त्यांना ऐकू आलं नसतं. बातमीच तशी होती! खुर्च्या, इमारती, रस्त्यावरच्या पाट्या, पुस्तकांची मुखपृष्ठं, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, जे जे डोळ्यांना दिसतं आणि कुणीतरी डोकं लावून घडवलेलं असतं, त्याबद्दल जो उत्तम लिहील त्याला दरवर्षी एक पुरस्कार देतात. असल्या लेखनाला त्याहून मोठा मान नाही. यंदा तिघा परीक्षकांपैकी एकाची कंबर ऐन वेळी धरली, आणि त्यांच्या जागी बोलावणं आलं ते आमच्या समीक्षकांना. माणसाने आयुष्यभर वस्तूंवर लिहिलं होतं. नुसत्या चमच्यांवर त्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं! पण पुरस्काराने त्यांच्या दाराकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता ते स्वतःच पुरस्कार द्यायला बसणार होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा कोट शिवायला टाकला, आणि समारंभात करायच्या भाषणाचा आरशासमोर सरावही सुरू केला.

इकडे त्यांच्या बायकोची मात्र पंचाईत झाली.

बायको फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांच्या आखडलेल्या माना आणि धरलेल्या पाठी सोडवायच्या, हा तिचा धंदा. पेशंट तिला डॉक्टरबाई म्हणत, म्हणून आपणही तसंच म्हणू. तर या डॉक्टरबाईंनी कुणाला न सांगता एक लेख लिहिला होता. 'सुंदर घरात जपून राहा' असं त्याचं नाव. आणि तो लेख त्यांनी याच पुरस्कारासाठी पाठवला होता! त्या वेळी परीक्षकांत नवऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. आता परीक्षकाच्या घरातल्या माणसाला भाग घेता येत नाही, हा नियम साधा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेला फोन करायचा आणि लेख मागे घ्यायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. विषय संपला.

विषय संपला असता हो, पण समीक्षकांनी त्याच रात्री जेवताना निबंधांचा गठ्ठा उघडला. लेखकांची नावं काढून टाकलेली, नुसते क्रमांक. चार-पाच निबंध त्यांनी नाक मुरडत बाजूला टाकले. मग एक हातात घेतला आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"अगं, ऐक, ऐक हे! 'वस्तू सुंदर असली की शरीर तिला माफ करतं. डोळे लगेच करतात, हात थोड्या वेळाने करतात. पाठ सगळ्यात शेवटी करते, पण करते.' काय वाक्य आहे! तीस वर्षं मी या विषयात आहे, मला नाही असं वाक्य सुचलं!"

डॉक्टरबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली. या माणसाने चमच्याच्या दांड्याचं कौतुक केलं, दाराच्या बिजागरीचं केलं, एकदा तर टपालपेटीसमोर उभं राहून डोळे पुसले. बायकोचं एक वाक्य "छान आहे" म्हणून कधी कानावर आलं नव्हतं. आणि आज ते तिचंच वाक्य दुसऱ्यांदा वाचत होते, मग तिसऱ्यांदा.

"आणखी वाचा ना," त्या म्हणाल्या.

त्यांनी वाचलं. लेखात एका घराची गोष्ट होती. घरात सगळं देखणं आणि काहीच धड चालणारं नाही. लाकडाची एक तिपाई खुर्ची, तिच्यात माणूस बसत नाही, हळूहळू जमिनीकडे निघतो. एक किटली, तिच्यातून पाणी कपात सोडून सगळीकडे पडतं. बाथरूमचं दार असं भिंतीत मिसळलेलं की आत गेलेला पाहुणा भिंत चाचपत राहतो. आणि या सगळ्यावर जीव टाकणारा एक नवरा. सासूबाई आधी खुदकन हसल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या, आणि किटलीपर्यंत आल्यावर त्यांना ठसकाच लागला.

"अरे, पण हे तर आपल्या..."

डॉक्टरबाईंनी टेबलाखालून सासूबाईंच्या पायावर पाय ठेवला. सासूबाई हुशार. त्यांनी सुनेकडे पाहिलं, एकदम सगळं ओळखलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"आपल्या काय, आई?"

"आपल्या ओळखीत असे लोक असतात, म्हटलं."

"असतात ना! हा लेखातला नवरा एक नंबरचा मूर्ख आहे," समीक्षक हसून हसून लाल झाले होते. "नक्की दातांचा डॉक्टर असणार. घर सजवायची हौस, आणि अक्कल शून्य!"

तुम्ही म्हणाल, माणसाला स्वतःचं घर ओळखू येऊ नये? पण समीक्षक त्या खुर्चीत कधी बसलेच नव्हते! ते तिच्याकडे बघत. बसायला त्यांना सोफा होता. किटलीने चहा ओतायचं काम डॉक्टरबाईंचं, आणि बाथरूमच्या दाराला नेमकं कुठे दाबायचं हे त्यांना माहीत होतं, कारण ते दार त्यांनीच बसवून घेतलं होतं. घर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, पाठीने कधी पाहिलंच नव्हतं.

लेखाच्या शेवटी आले तेव्हा मात्र ते हसायचे थांबले. आवाज खाली आणून त्यांनी वाचलं, 'रोज सकाळी तो खिडकीतला दिवा बोटभर सरकवतो. मी कधी कबूल केलं नाही, पण बोटभर सरकला की खोली खरंच मोकळी होते. त्याच्यासोबत राहून मला बघायला येऊ लागलं. आता दवाखान्यात माणूस आत शिरला की मी आधी त्याचं दुखणं नाही, त्याचं चालणं बघते.'

समीक्षकांनी चष्मा काढला. डोळे भरून आले होते.

"अशा गाढवावर या बाईने एवढा जीव टाकावा!" ते म्हणाले. "नशीबवान आहे लेकाचा."

आता सांगा, अशा वेळी कुठली बाई उद्या सकाळी फोन करून लेख मागे घेईल? डॉक्टरबाईंनी परवा करू म्हटलं. परवा समीक्षकांनी दूधवाल्याला थांबवून पाठीचं वाक्य ऐकवलं. मग पुढच्या आठवड्यावर ढकललं. रोज संध्याकाळी त्या दवाखाना बंद करून भराभर घरी येत आणि "आज काय म्हणता परीक्षक?" असं सहज विचारल्यासारखं विचारत. ते तासभर कौतुक करत. त्या भाजी चिरता चिरता ऐकत. एवढं सुखाचं त्यांना पूर्वी कधी ऐकायला मिळालं नव्हतं, आणि एवढी भीतीही कधी वाटली नव्हती.

मग एके दिवशी समीक्षक शीळ घालत घरी आले.

"संस्थेच्या सभागृहाला रंग चाललाय. शेवटची बैठक कुठे घ्यायची हा प्रश्न होता. मी म्हटलं, माझ्या घरी या की! घर कसं असावं तेही बघायला मिळेल!"

दोन्ही परीक्षकांनी लेख वाचलेला होता. ते या घरात पाऊल टाकणार!

बैठकीच्या दिवशी त्यांनी दवाखान्याला सुट्टी दिली आणि घराचं रूप बदलायला घेतलं. खुर्चीवर चादर टाकून वर इस्त्रीचे कपडे रचले. किटली पिठाच्या डब्यामागे दडवली आणि शेजारणीकडून साधी ॲल्युमिनियमची आणली. बाथरूमच्या दारात चप्पल अडकवून ठेवली. सासूबाई मदतीला होत्याच, त्यांनी आपली प्लॅस्टिकची खुर्ची गॅलरीतून उचलून थेट बैठकीच्या मधोमध मांडली. ही खुर्ची "खोलीचा तोल बिघडवते" म्हणून समीक्षकांनी तिला गॅलरीत हद्दपार केलं होतं.

समीक्षक नवा कोट घालून बाहेर आले आणि किंचाळले.

"हे काय! पाहुणे यायच्या वेळी कपड्यांचा ढीग? आणि ही प्लॅस्टिकची अवदसा इथे कुणी आणली?"

"पाहुण्यांना बसायला नको का?" सासूबाई म्हणाल्या.

"बसायला माझी खुर्ची आहे ना!"

बघता बघता चादर गेली, कपडे गेले, प्लॅस्टिकची खुर्ची पुन्हा गॅलरीत गेली. ॲल्युमिनियमची किटली पाहून तर त्यांनी कपाळाला हात लावला आणि आपली किटली शोधून काढून ओट्यावर दर्शनी जागी मांडली. दारातली चप्पल त्यांनी पायाने उडवली. एवढ्यात बाहेरून भिंत ठोकल्याचा आवाज आला. पाहुणे आले होते, आणि त्यांना घंटीचं बटण सापडत नव्हतं. तेही भिंतीच्याच रंगाचं होतं!

पाहुणे दोघे. एक अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी वर्षानुवर्षं एक कलेचं मासिक चालवलं होतं आणि त्यांच्यासमोर खोटं बोलायची कुणाची छाती होत नसे. दुसरे अक्षरकाका, छापायच्या अक्षरांची वळणं घडवणारे, गोल, गुबगुबीत आणि हसरे.

"काका, तुम्ही इथे बसा. मानाची जागा!" समीक्षकांनी तिपाई खुर्ची पुढे केली.

काका बसले. म्हणजे बसल्यासारखं झालं. बोलता बोलता त्यांचे गुडघे वर यायला लागले आणि हनुवटी खाली. अध्यक्षबाई बघतच राहिल्या. काका अर्धे खुर्चीत आणि अर्धे हवेत असताना त्यांची आणि अध्यक्षबाईंची नजरानजर झाली. दोघांच्याही भुवया उंचावल्या.

"तर पहिला क्रमांक याच लेखाला!" समीक्षकांचं सुरू झालं. "वाद नकोच. अशी भाषा, अशी नजर! मी याच्यासाठी भांडायला तयार आहे!"

तेवढ्यात डॉक्टरबाईंनी चहा आणला. त्या ओतायला वाकल्या, तोच समीक्षक म्हणाले, "थांब, किटलीतून मीच ओततो, त्यांना धार बघू दे." धार छानच होती. ती बशीत गेली, बिस्किटांवर गेली आणि शेवटी काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली. काका डाग धुवायला बाथरूममध्ये गेले. दार लागलं. मग आतून धप, धप, धप.

"अहो, दार कुठेय? मी कुठल्या भिंतीने आत आलो?"

"'दार शोधता शोधता पाहुण्याला आपलं सगळं आयुष्य आठवतं,'" अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या. लेखातलंच वाक्य होतं ते.

"अगदी बरोबर!" समीक्षक टाळी वाजवून म्हणाले. "बघा, लेखिकेचं निरीक्षण किती खरं आहे! माझ्या घरातसुद्धा पटतंय!"

दारामागे उभ्या डॉक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. काकांची सुटका झाली. ते घामाघूम होऊन बाहेर आले, आणि अध्यक्षबाई उठून उभ्या राहिल्या. चेहरा दगडासारखा.

"आता कळलं, या लेखासाठी तुमचा एवढा आटापिटा का चाललाय ते."

"का म्हणजे? उत्तम आहे म्हणून!"

"आणि हे घर?"

"घराचं काय?" समीक्षकांनी मागे वळून पाहिलं. "दिवा जरा जास्त डावीकडे झालाय का?"

"तुम्हाला लाज नाही वाटत? मी तुम्हाला प्रामाणिक माणूस समजत होते. या पुरस्काराला आजवर डाग लागला नव्हता. उद्या सगळ्यांना मला सांगावं लागेल, आमच्या एका परीक्षकाने..."

"एका दिव्यासाठी?" समीक्षक कळवळून म्हणाले. "सरकवतो ना मी!"

दारामागे डॉक्टरबाईंनी डोळे उघडले. नवऱ्याचं हसं झालं असतं तर चाललं असतं, रोजचंच होतं ते. पण लबाडीचा शिक्का? या माणसाने आयुष्यात फुकटचा चमचा घेतला नव्हता. लेख गेला तर गेला. त्या पुढे झाल्या.

"लेख माझा आहे," त्या म्हणाल्या. "यांना काही माहीत नाही. मी मागे घेते."

"हे मानायचं कसं?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "स्वतःचं घर ओळखता येत नाही यांना?"

"नाही ओळखता येत हो," सासूबाईंनी स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. "लहानपणापासून असाच आहे तो. शाळेतून येताना एकदा वेगळ्याच घरात जाऊन जेवून आला होता, त्यांचा दरवाजा छान होता म्हणून."

"पण हा लेख त्या दातांच्या डॉक्टरच्या बायकोचा आहे!" समीक्षक अजून लढत होते. "तो मूर्ख..." आणि इथे त्यांची नजर खुर्चीवर गेली. मग किटलीवर. मग बाथरूमच्या, म्हणजे बाथरूम जिथे असावं त्या भिंतीवर. मग बायकोवर. त्यांचं तोंड उघडंच राहिलं, आणि त्या उघड्या तोंडाकडे बघून अध्यक्षबाईंचा सगळा संशय फिटला. जगातला कुठलाही नट एवढं बावळट तोंड करू शकला नसता.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "तुम्ही प्रामाणिक आहात. फारच प्रामाणिक आहात. पण नियम तो नियम. परीक्षकाच्या बायकोचा लेख..."

"परीक्षक कोण?" समीक्षक एकदम म्हणाले.

"तुम्ही."

"नाही. मी राजीनामा दिला. आत्ता, या क्षणी. माझे सगळे गुण काढून टाका. आता लेख राहील ना?"

अध्यक्षबाई विचारात पडल्या. लेख आला तेव्हा हे परीक्षक नव्हते, आणि आता पुन्हा नसतील, तर आडकाठी उरत नव्हती. "राहील," त्या म्हणाल्या. "पण तुमचं भाषण? समारंभ?"

"भाषणाचं काय घेऊन बसलात!" समीक्षकांनी कोट उतरवला आणि खुंटीला अडकवला. खुंटीही कुणाला सापडण्यातली नव्हती.

दोघे परीक्षक बैठकीत दार लावून बसले. नवराबायको स्वयंपाकघरात.

"म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हता तर," समीक्षक म्हणाले.

"नव्हता."

"ती खुर्ची तुला एवढी टोचते?"

"पाठीला टोचते. डोळ्यांना आवडते. खोटं नाही लिहिलं मी."

समीक्षक ओट्याला टेकून उभे राहिले. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"मी चमच्यांवर पुस्तक लिहिलं, आणि घरात एवढं चांगलं लिहिणारी बाई आहे हे मला दिसलं नाही. मी रोज रात्री तुझ्याच लेखाबद्दल तुलाच शिकवत होतो! मला थांबवलं का नाहीस?"

"थांबवलं असतं तर तुम्ही कौतुक करायचे थांबला असतात."

"आता थांबलोय का?" समीक्षक म्हणाले. "उत्तम लेख आहे. तो मूर्ख मी आहे, तरी उत्तम आहे!"

डॉक्टरबाईंना रडू आवरेना. सासूबाईंनी नाक वर करून खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं आणि स्वतःचेच डोळे पुसले. एवढ्यात बैठकीचं दार उघडलं.

"अभिनंदन, डॉक्टरबाई," अध्यक्षबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या हसत होत्या. "पुरस्कार तुमचा. इतकं जिवंत लेखन फार दिवसांत वाचलं नव्हतं. आणि आज तर आम्ही ते बसून, सांडून आणि अडकून पडताळून पाहिलं."

समीक्षकांनी जागच्या जागी उडी मारली. "मी म्हणालोच होतो! थांबा, मानपत्र मी लिहितो!"

"तुम्हाला नाही लिहिता येणार. तुम्ही आता परीक्षक नाही."

"मग मी कोण?"

"तुम्ही लेखाचा विषय."

समीक्षकांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली. इकडेतिकडे पाहिलं. मग अगदी सहज विचारल्यासारखं करत म्हणाले, "नाही, म्हणजे... विषयाला वेगळे गुण असतात ना? दहापैकी?"

"असतात."

"किती मिळाले?"

अध्यक्षबाईंनी हातातला कागद पाहिला. "तुम्ही दहा दिले होते, ते रद्द झाले. आमच्या दोघांची सरासरी सात."

समीक्षकांचा चेहरा पडला. "सातच?"

"सात?" सासूबाई मागून म्हणाल्या. "बरेच दिले की!"